पहिल्या तीन ओळी झकास, चौथीपासून शाई फुटते: हे परत परत का होतं

आधी लक्षण सांगते, म्हणजे तुमचं आणि माझं दुखणं एकच आहे का ते कळेल. सुलेखनासाठी नवा कागद घेतला, रेघा आखल्या, टाक बुडवला, पहिल्या तीन ओळी अशा आल्या की आपल्याच हाताची दृष्ट काढावी, आणि मग चौथ्या-पाचव्या ओळीपासून अक्षरांना मिशा फुटायला लागल्या. कान्याच्या कडेला बारीक बारीक केस, वेलांटीचं टोक सुजलेलं, अनुस्वाराचं टिंब म्हणजे कोळ्याचं पिल्लू. शाई तीच, टाक तोच, कागद तोच, लिहिणारीही मीच. वरच्या तीन ओळींत जमलं ते खाली का बिघडलं?

मी या एका प्रश्नावर दीडेक वर्ष घालवलंय आणि त्यातला बराचसा वेळ चुकीच्या गोष्टी बदलण्यात गेला. शाई बदलली, चार दिवस बरं वाटलं, परत तेच. निब बदलली, आठवडाभर खुश, परत तेच. महागातला जाड कागद आणला, त्याच्यावर तर आधीपेक्षा जास्त फुटली आणि मी सरळ पेन ठेवून दिलं महिनाभर. आता मागे वळून बघते तेव्हा कळतं की प्रत्येक वेळी नवी वस्तू आली की सोबत नवा कोरा कागदही यायचा, आणि कोऱ्या कागदाच्या पहिल्या तीन ओळी तर तशाही बऱ्याच येत होत्या! म्हणजे श्रेय निबला मिळत होतं आणि काम कागद करत होता.

तर पहिली गोष्ट, फुटलेल्या अक्षराकडे नीट बघा. नुसत्या डोळ्यांनी नाही, भिंग घ्या नाहीतर फोनचा कॅमेरा झूम करून जवळ न्या. आपण सगळ्यालाच "शाई फुटली" म्हणतो पण त्यात निदान चार वेगवेगळे आजार असतात आणि औषध प्रत्येकाचं वेगळं.

रेघेच्या दोन्ही कडांना केसासारखे धागे निघालेत, ती खरी फुटलेली शाई. कागद उलटा केला तर मागे ठिपके दिसतात, ती आरपार गेलेली शाई, तिचं कारण पुष्कळदा तेच पण नेहमी नाही. मागून नुसती सावली दिसते, ठिपके नाहीत, तर तो आजारच नाही, कागद पातळ आहे इतकंच. आणि चौथा प्रकार फार फसवा, एक कड सुरीने कापल्यासारखी साफ आणि दुसरी कड खरबरीत, तुटक. हे फुटणं नाहीच. चपट्या निबचा एक कोपरा कागदावर आहे आणि दुसरा हवेत आहे, म्हणून त्या बाजूला शाई नीट पोचतच नाही. मी तीन महिने याला कागदाचा दोष समजून कागद बदलत होते, आता सांगायला लाज वाटते.

हा चौथा प्रकार देवनागरी लिहिणाऱ्यांना जास्त छळतो, त्याचं कारण आहे. रोमन अक्षरांसाठीच्या चपट्या निबा साधारणपणे सरळ कापलेल्या असतात, आणि आपल्या बोरूचा कत, म्हणजे टोकाचा काप, असतो तिरका. दोन्ही लिप्यांत जाड-बारीकचा कलच उलटा आहे. त्यामुळे सरळ निब घेऊन देवनागरी लिहायला गेलं की मनगट पिळावं लागतं, पहिल्या ओळीत आपण उत्साहाने पिळतो, चौथ्या ओळीपर्यंत हात दमतो आणि निब हळूच एका कोपऱ्यावर टेकते. म्हणजे बघा, लक्षण तेच, "चौथ्या ओळीपासून बिघडतं", पण कारण शाईचं नाही, मनगटाचं. तपासायची युक्ती सोपी आहे. निब कोरडी करा, कागदावर टेकवा आणि मागून उजेड येऊ द्या. निब आणि कागदामध्ये एका बाजूला फट दिसली की समजा. मग एकतर कागद थोडा फिरवून ठेवा म्हणजे मनगटाचा पीळ कमी होईल, नाहीतर तिरक्या कताचा बोरू करून घ्या. मी कागदच फिरवते, मला बोरू तासायचा कंटाळा आहे, दर वेळी बोटाला लागतं.

बरं, आता खऱ्या फुटण्याकडे येते.

कागद म्हणजे दाबून चपटे केलेले तंतू. दोन तंतूंच्या मधे बारीक बारीक वाटा असतात आणि पाणी त्या वाटांनी आपोआप ओढलं जातं, दिव्याच्या वातीत तेल चढतं तसं. हे होऊ नये म्हणून कागद बनवताना त्याला खळ देतात, कपड्याला देतात तशीच कल्पना. खळ तंतूंच्या वाटा बुजवते, शाई वर थांबते आणि तिथेच वाळते. खळ न दिलेला कागद बघायचा असेल तर टीपकागद बघा. टीपकागद म्हणजे दुसरं काही नाही, बिनखळीचा कागद. तेव्हा शाई फुटते याचा सरळ अर्थ असा की तुमच्या कागदाचा तेवढा तुकडा टीपकागदासारखा वागतोय. प्रश्न एवढाच उरतो की तो तसा मुळातून आहे की तुम्ही केलाय.

मुळातून असणारे कागद खूप आहेत. प्रिंटरचा साधा 70-80 जीएसएमचा कागद टोनरसाठी किंवा बारीक थेंबांच्या शाईसाठी बनवलेला असतो, त्याच्यावर ओला टाक चालवला तर तो बिचारा काय करणार. आणि इथे जाडीचा गैरसमज काढून टाका. जीएसएम म्हणजे एका चौरस मीटर कागदाचं ग्रॅममधलं वजन, बस. खळीबद्दल तो आकडा काहीच सांगत नाही. जपानी टोमोए रिव्हर कागद 52 जीएसएमचा येतो, एवढा पातळ की खालची ओळ वाचता येते, तरी त्याच्यावर शाई फुटत नाही. उलट 200-250 जीएसएमचे कितीतरी कार्डस्टॉक शाई पिऊन टाकतात. मी महागातला जाड कागद आणून पस्तावले ते यामुळेच, तो कार्ड बनवायचा कागद होता, लिहायचा नव्हताच.

एक जरा अवांतर, पण मला आवडतं म्हणून सांगते. युरोपात पूर्वी कागदाचे तयार ताव जिलेटिनच्या पाण्यात बुडवून वाळवायचे, तेव्हा कुठे तो लिहिण्यालायक व्हायचा. पुढे 1807 मध्ये जर्मनीत मॉरिट्झ इलिग यांनी राळ आणि तुरटी कागदाच्या लगद्यातच मिसळायची रीत छापून प्रसिद्ध केली आणि खळ आतूनच मिळायला लागली. आपल्याकडे आणि इराण-तुर्कस्तानात कागदाला वरून खळ लावून अकीकासारख्या गुळगुळीत दगडाने घोटायचे, जुन्या पोथ्यांच्या पानांवर ती चकाकी अजून दिसते. आजही चांगल्या वॉटरकलर कागदाला वरून जिलेटिन देतात, म्हणून त्यातला गुळगुळीत प्रकार, ज्याला हॉट प्रेस म्हणतात, तो टाकाला मानवतो. खरखरीत कोल्ड प्रेसवर शाई फुटणार नाही पण निब दगडधोंड्यांवरून बैलगाडी जावी तशी जाते.

आता तुम्ही केलेला टीपकागद. हाच माझा आजार होता, आणि मला वाटतं बऱ्याच जणांचा हाच असावा कारण "वर बरं, खाली वाईट" ही त्याची खूण आहे.

लिहिताना तळहाताची कड कुठे असते? लिहितोय त्या ओळीच्या खाली. म्हणजे पहिली ओळ लिहिताना हात चौथ्या-पाचव्या ओळीच्या जागेवर घासतोय, घाम पुसतोय, तेल सोडतोय. आपण तिथे पोचेपर्यंत ती जागा अर्धा-पाऊण तास चोळली गेलेली असते. ओलसर हाताने चोळलं की वरचे तंतू उभे राहतात, खळ ढिली पडते आणि तिथे शाई पसरते. हाताचं तेल मात्र उलटं काम करतं, तिथे शाई बसतच नाही, थेंब थेंब होऊन आकसते किंवा रेघ मधेच तुटते. म्हणजे एकाच ओळीत एक अक्षर फुटलेलं आणि शेजारचं तुटलेलं दिसलं ना, तर शंभरातले नव्वद वेळा हात गुन्हेगार आहे असं माझं मत. माझा तर कळस असा की घाम येतो म्हणून हात साबणाने धुतले, कोरडे पडले म्हणून क्रीम लावलं, आणि मग लिहायला बसले. त्या दिवशी अक्षरांनी कागदावर बसायलाच नकार दिला, शाई अळवावरच्या पाण्यासारखी.

उपाय इतका साधा आहे की त्याच्यावर कुणाचा विश्वास बसत नाही. हाताखाली एक जादा कागद ठेवा. मी ए फोरचा अर्धा कागद घेते, वरची कड सरळ कापलेली, आणि ओळीबरोबर खाली सरकवते. त्याला गार्ड शीट म्हणा, हातकागद म्हणा. दोन-तीन बैठकांनी तो फेकून नवा घ्या, कारण तो पण हळूहळू तेलकट होतो आणि त्याचंच तेल खालच्या कागदाला लागायला लागतं. हे शेवटचं मला कुणी सांगितलं नव्हतं आणि म्हणूनच माझं दुखणं "जातं आणि परत येतं" असं चाललं होतं, एकच हातकागद मी सहा महिने वापरला, नकाशासारखा झाला होता.

ज्यांनी आधीच हात लावून ठेवलाय आणि कागद टाकून द्यायचा नाहीये त्यांच्यासाठी संदरासची पूड. संदरास म्हणजे एका झाडाची राळ, बारीक वाटून अगदी थोडी, पातळ सुती कापडाच्या पुरचुंडीत बांधायची आणि कागदावर हलकेच टेकवत जायचं, मग मऊ ब्रशने झटकायचं. पूड पाण्याला दूर ठेवते, रेघ धारदार येते. पण हात आखडता ठेवा, पूड जास्त झाली तर निबच्या फटीत जाऊन बसते आणि टाक चालेनासा होतो, म्हणजे एक दुखणं घालवून दुसरं ओढवून घेतलं. तेलकट डागासाठी खडूची बारीक पूड पण चालते, ती तेल टिपते. मी आधी खडू वापरून बघते, भागलं तर संदराससाठी धावत नाही.

खोडरबर हा दुसरा छुपा शत्रू. पेन्सिलने रेघा आखल्या, चुकल्या, खोडल्या, परत आखल्या. जिथे खोडलं तिथे वरची खळ घासून गेली आणि तंतू उभे राहिले, बरोब्बर त्याच पट्ट्यात शाई फुटणार. फुटलेली अक्षरं आडव्या पट्ट्यात येत असतील तर हे आठवा. यावर माझं म्हणणं असं की ज्या कागदावर पक्कं काम करायचं त्याच्यावर रेघा आखायच्याच नाहीत, दुसऱ्या कागदावर ठळक आखून तो खाली सरकवायचा, आणि कागद जाड असेल तर खालून उजेड द्यायचा. आखायच्याच असतील तर पेन्सिल हलकी टेकवा आणि मळून वापरायचा मऊ रबर घ्या, घासू नका, दाबून उचला. आणि शाई पूर्ण वाळल्याशिवाय तर नाहीच.

तिसरी गोष्ट दमट हवा. कागद हवेतलं पाणी ओढतो. ओल धरलेल्या भिंतीला लागून ठेवलेला गठ्ठा, खिडकीतली वही, यांच्यावर एरवी नीट चालणारी शाई पण पसरते. दोन-चार दिवस कोरड्या जागी सुटे ताव पसरून ठेवले तर पुष्कळसे ताळ्यावर येतात, पण फार दिवस ओल खाल्लेला कागद परत पहिल्यासारखा होत नाही, तो सरावाला काढा.

एवढं करूनही फुटतेच म्हणत असाल तर शाईकडे वळा. पण वळण्याआधी एक चाचणी करा, दहा मिनिटांचं काम आहे. ज्या तावावर फुटली त्याच्याच कडेची एक पट्टी कापा, हात न लागलेली. त्याच टाकाने त्याच शाईने तिच्यावर चार रेघा ओढा. साफ आल्या तर कागद-शाई दोघं निर्दोष, वर सांगितलेला हात किंवा रबर तपासा. फुटल्या तर तोच टाक, तीच शाई, पण असा कागद ज्याच्यावर आजवर कधी फुटली नाही. त्याच्यावर साफ आल्या तर कागद गुन्हेगार, तिथेही फुटल्या तर शाई किंवा निब. मग निब तीच ठेवून शाई बदला. प्रत्येक वेळी एकच गोष्ट बदलायची, दोन बदलल्या की चाचणी फुकट गेली. आणि पट्टीच्या मागे पेन्सिलने लिहून ठेवा काय वापरलं ते, आपल्याला वाटतं लक्षात राहील, नाही राहात. माझ्याकडे अशा पट्ट्यांचा एक डबा झालाय आणि आता नवीन कागद आणायच्या आधी मी डबा उघडते.

शाईत काय चुकतं? सगळ्यात जास्त दिसणारी चूक म्हणजे फाउंटन पेनची शाई टाकाला वापरणं. ती शाई मुद्दाम पातळ असते, बारीक नळीतून वाहायची असते तिला. टाकावर ती थांबतच नाही, पहिल्या रेघेला भळ्ळकन खाली येते आणि एवढ्या पाण्यापुढे चांगल्या खळीचा कागदही हात टेकतो. तिच्यात थोडा बाभळीचा डिंक, तोच तो गम अरेबिक, पाण्यात विरघळवून थेंब थेंब घाला. छोट्या वाटीत थोडी शाई वेगळी काढा, दोन थेंब, ढवळा, रेघ ओढून बघा, परत एक थेंब. सगळ्या बाटलीत ओतायची घाई नको, डिंक जास्त झाला तर शाई निबवरून उतरत नाही आणि वाळलेलं अक्षर चिकट राहतं, पानं एकमेकांना धरून बसतात. ही डिंकाची शाई परत फाउंटन पेनमध्ये मात्र भरायची नाही हं, आतल्या वाटा बंद होतात. इंडिया इंक, म्हणजे काजळीची जलरोधक शाई, आणि ॲक्रिलिक शाईचंही तेच, टाकाला उत्तम, फाउंटन पेनला विष.

रंगद्रव्याच्या म्हणजे बारीक कण तरंगणाऱ्या शाया सहसा कमी फुटतात कारण कण वर राहतात, आणि विरघळलेल्या रंगाच्या शाया पाण्याबरोबर जिकडे पाणी तिकडे जातात. काजळीची शाई, जपानी सुमी शाई, आणि ग्वाश म्हणजे अपारदर्शक जलरंग पाण्यात कालवून केलेली शाई ही माझी आवडती त्रयी आहे. ग्वाश सायीच्या दुधाइतपत ठेवायचा, त्याहून पातळ झाला की फुटतो, घट्ट झाला की निबवर वाळतो. आयर्न गॉल, म्हणजे लोहाचा क्षार आणि मायफळापासून केलेली शाई पण रेघ फार धारदार देते आणि लिहिताना फिकी असते, हवा लागली की काळी होत जाते, पण ती निब खाते, लिहून झालं की लगेच धुवा.

आणि उलटा प्रकार, उघडी राहिलेली बाटली. पाणी उडून शाई दाट झाली की ती फुटत नाही पण निब अडते, मग आपण जोर देतो, जोराने निबचं टोक कागद खरवडतं आणि खरवडलेल्या जागी शाई फुटते! बघा कसं फिरून तिथेच येतं. ड्रॉपरने डिस्टिल्ड वॉटरचे थेंब घालून ती आधीसारखी करा.

निबचं थोडक्यात. नव्या निबला गंज चढू नये म्हणून तेलाचा किंवा लाखेसारखा थर दिलेला असतो. तो काढला नाही तर शाई निबवर मण्यासारखी गोळा होते आणि टेकवल्याबरोबर एक मोठा ठिपका सोडते, लोक याला पण फुटणं म्हणतात. भांडी घासायच्या साबणाने किंवा टूथपेस्टने हळू चोळून धुवा, पुसा, झालं. ज्योतीवर धरायची पद्धत काही जण सांगतात, मी नाही करत, पोलाद जास्त तापलं की त्याचा कडकपणा जातो आणि निब मऊ पडते. टोकदार निबने लिहिताना फक्त वर जाणाऱ्या बारीक रेघांनाच केस येत असतील तर निब फार उभी धरली जातेय, टोक तंतू उचलतंय. होल्डर थोडा आडवा करा. निबच्या फटीत एखादा तंतू अडकलेला असतो तो पण बघा, तो ब्रशसारखा शाई फासत जातो आणि आपण कागदाला शिव्या देतो.

जोर देऊन लिहिताना रेघेच्या मधे पांढरी भेग पडून रुळासारख्या दोन रेघा उरतात, तेही याच कुटुंबातलं म्हणून सांगते, तिथे शाई कमी पडलीय किंवा जोर जास्त झालाय, फुटण्याशी संबंध नाही.

आता देवनागरीची एक खास जागा, जिच्याबद्दल मला कुठे वाचायला मिळालं नाही, लिहून लिहून कळलं. शिरोरेघ. आपण बरेच जण आधी शब्दातली सगळी अक्षरं लिहितो आणि मग वरून एक लांब शिरोरेघ ओढतो. त्या वेळी काने ओले असतात. ओल्या कान्याच्या डोक्याला ओली निब टेकली की दोन्हीकडची शाई एक होते आणि त्या सांध्यावर तळं साचतं, चांगल्यातला चांगला कागदही तेवढं पाणी सहन करत नाही. फुटलेली जागा नेमकी शिरोरेघ आणि कान्याच्या सांध्यावरच असेल तर कागद बदलू नका, क्रम बदला. एकतर शब्द वाळू द्या आणि मग शिरोरेघ मारा, नाहीतर प्रत्येक अक्षराची तुकडा तुकडा शिरोरेघ आधी मारून तिच्यातून काना खाली ओढा. जोडाक्षरांत, विशेषतः खाली रकार-उकारांची गर्दी असते तिथेही असंच, एक रेघ वाळल्यावर दुसरी. आणि हो, रेघेच्या शेवटी थांबून विचार करायची सवय असेल तर ती सोडा, विचार निब उचलून करायचा. थांबलेली निब शाई सोडतच राहते.

पायलट पॅरलल, म्हणजे चपट्या टोकाचं, आतच शाई भरलेलं सुलेखनाचं पेन, ते वापरणाऱ्यांसाठी वेगळं. 1.5 मिलिमीटरपासून 6 मिलिमीटरपर्यंतच्या रुंदीत येतं ते, आणि मोठ्या मापाचं पेन मुळातच भरपूर ओलं लिहितं, तिथे पातळ प्रिंटर कागद चालणारच नाही, त्यात पेनचा काही दोष नाही. सरावाला 1.5 किंवा 2.4 घ्या, कागदावरचा भार एकदम कमी होतो.

मग फोटो. यात पण "शाई फुटली" असं खोटंच दिसतं कधी कधी. हातात कागद बघितला तर रेघ साफ, आणि मित्राला पाठवला तर कडा कुरतडलेल्या. तो फोनचा प्रताप असतो, फोन फोटोला आपोआप धार देतो आणि चॅटवर पाठवताना फोटो आणखी दाबला जातो, त्यात बारीक रेघेच्या कडेला कचरा दिसतो. फोटो म्हणून न पाठवता डॉक्युमेंट म्हणून पाठवा, किंवा शक्य असेल तर स्कॅन करा, दाखवण्यापुरता 300 डीपीआय पुरतो, अगदी बारीक केसासारख्या रेघा असतील किंवा छापायचं असेल तर 600. फोनच वापरायचा तर खिडकीचा उजेड एका बाजूने घ्या, फोन कागदाला समांतर धरा आणि उजेड थोडा वाढवा, कारण पांढरं पान दिसलं की कॅमेरा त्याला राखाडी करतो. कुणाला सल्ला विचारायला फोटो काढत असाल तर मात्र सगळं उलटं करा, सजवलेला अख्ख्या पानाचा फोटो नको, एका फुटलेल्या अक्षराचा जवळून, शेजारी न फुटलेलं एक अक्षर, आणि कागदाची मागची बाजू. कुठला कागद, कुठली शाई, किती वेळ लिहीत होतात आणि हाताखाली काही होतं का, एवढं सोबत लिहा. नुसतं "शाई फुटते काय करू" याला उत्तर देणारा अंदाजच देणार.

शेवटी माझ्या पाकिटांचं सांगते. एका मैत्रिणीच्या 40 पाकिटांवर नावं लिहून द्यायची होती, पहिली सहा फुटली, सातवं बरं आलं, आठवं परत फुटलं, काही ताळतंत्रच नाही. हातकागद होता, शाई डिंक घातलेली, निब धुतलेली. शेवटी एक रिकामं पाकीट फाडून उघडलं तेव्हा दिसलं की आतल्या जोडाचा गोंद काही पाकिटांत पुढच्या बाजूपर्यंत झिरपलाय, काहींत नाही. गोंद लागलेल्या ठिकाणी शाई थांबत होती, शेजारी पसरत होती. पाकिटं बदलायला वेळ नव्हता. मग प्रत्येकावर खडूची पुरचुंडी फिरवली, फाउंटन पेनची शाई सोडून ग्वाश कालवला आणि नाव जोडापासून बोटभर वर सरकवलं. उरलेल्या 32 पैकी दोन गेली, एक माझ्या चुकीने आणि एकावर मांजर बसलं.